आमची वाटचाल : शिरोरेषा शेवटी

२००४ साली लालबागच्या आमच्या खोलीत एक सेकंडहँड कॉम्प्युटर आला आणि एजन्सी सुरू झाली. मी जेजे इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्टमधून बाहेर पडलो होतो. बायको हिशेब आणि प्रुफं बघायची. पहिली कामं गल्लीतलीच होती : मंडळाची पावतीपुस्तकं, वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका. पुढे करी रोडला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेतला आणि आम्ही दोघांचे सातजण झालो.

बाकी वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २०११ सालचं एक माहितीपत्रक मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. गिर्यारोहकांच्या एका गटाचं काम होतं. मजकुरात होतं ‘सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत’, छापून आलं ‘दर्याखोर्यांत’. डोंगरातली दरी गेली आणि तिथे समुद्र आला. पाच हजार प्रती आम्ही स्वखर्चाने पुन्हा छापल्या.

चूक कुठे झाली, ते नंतर कळलं. त्या काळात डीटीपीच्या प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असे. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात नेताना कन्व्हर्टर वापरावा लागे, आणि आमच्या कन्व्हर्टरला ‘ऱ्य’ ठाऊकच नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला : एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवायचं. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात रात्री अकराला, वडापावचे कागद बाजूला सारून, हे वाचन चालतं. बाहेरच्या माणसाला ते पाठांतर वाटेल, पण आमचं घर त्यावर चालतं.

डिसेंबर २०१७मध्ये ऑफिसातल्या दोन पोरांनी हट्ट धरला, पवईला आयआयटीच्या टेकफेस्टला जायचंच. त्या वर्षी सोफिया नावाची रोबो साडी नेसून येणार होती. गाळ्याला कुलूप लावलं, करी रोडहून स्लो लोकल पकडून कांजूरमार्गला उतरलो. १९९८पासून विद्यार्थी हा उत्सव भरवतात, पण इतकी वर्षं मुंबईत राहून मी पहिल्यांदाच तिथे पाऊल टाकत होतो. सोफियाच्या सभागृहात काही शिरता आलं नाही, गर्दीच तेवढी होती. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण तोवर आम्ही एका टेबलाशी अडकलो होतो.

तिथे एका विद्यार्थ्याने पेन धरून लिहिणारं यंत्र मांडलं होतं. आमच्या सुलेखन करणाऱ्या ताईंनी मराठी शब्द लिहून मागितला. मी मोबाइलवरच्या आमच्या एका जुन्या फाइलमधून मजकूर उचलून त्याला दिला. यंत्राने भराभर लिहिलं, पण कागदावर उमटली इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम. “काका, तुमचा मजकूर युनिकोडमध्ये नाहीये,” तो म्हणाला. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरवर एकच ठरलेला क्रमांक. तेरा वर्षांचं काम असं कुलूपबंद पडलेलं मला त्या एका ओळीत दिसलं.

मग त्याने स्वतः मराठीत टाइप केलं, तर अक्षरं पोकळ आली. फॉन्टमध्ये अक्षराच्या कडा असतात आणि पेन त्या कडांवरून फिरतं. त्याला एकरेघी अक्षरं हवी होती. ताई तिथेच खाली बसल्या आणि एका रेघेत अक्षरं काढून दिली. तरी शब्द डागाळला, कारण यंत्र प्रत्येक अक्षराची शिरोरेषा सुटी काढत होतं आणि सांध्यावर शाई साचत होती. ताई म्हणाल्या, “अरे, शाळेत कसं शिकवलं तुला? आधी शब्द पुरा कर, मग वरची रेघ.” पोराने क्रम बदलला. संध्याकाळ होता होता यंत्राने ‘दऱ्याखोऱ्या’ लिहिलं आणि शेवटी, डावीकडून उजवीकडे, एकच सलग रेघ ओढली. माझ्या अंगावर काटा आला.

याच आवारात, आयडीसी या आयआयटीच्या डिझाइन विभागात, सुलेखनकार र. कृ. जोशी सर शिकवत. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट त्यांचाच. परतीच्या लोकलमध्ये मी पोरांना हेच सांगत होतो.

जानेवारीत आम्ही जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायला घेतल्या. नेहमीची कामं सांभाळून आठ महिने लागले. मजकुरासाठी आता बहुतेक ‘मुक्त’ हा फॉन्ट वापरतो. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाने तो सर्वांसाठी खुला ठेवला आहे, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आता चित्रं काढून देणारं एआयही आमच्याकडे आहे. कच्च्या कल्पनेला ते उपयोगी पडतं, पण चित्रातली जोडाक्षरं अनेकदा मोडून टाकतं. म्हणून अक्षर आम्हीच बसवतो.

नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी त्याला टाइप करायला देतो : कैऱ्या, सुऱ्या, दऱ्या. ‘ऱ’ला हलन्त, मग ‘य’. गेल्या महिन्यात आलेल्या मुलीने विचारलं, हेच शब्द का? ताईंनी तिला भिंतीवर लावलेला तो यंत्राचा कागद दाखवला.