तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानात सिगारेट का नाही?

मालवणच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील माझ्या दुकानात सिगारेट का मिळत नाही, असे पर्यटकांपासून पाहुण्यांपर्यंत सगळेच विचारतात, म्हणून एकदाच लिहितो. घरात कोणाला कर्करोग झालेला नाही, पोलिसांनी दंड केलेला नाही आणि मी माळही घातलेली नाही.

अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकू नये, हा २००३ च्या कायद्यातील नियम मी पाळत होतो. सुट्या सिगारेटींवर राज्याने २०२० मध्ये बंदी घातली, ती मात्र आमच्या रस्त्यावर कोणी मनावर घेतली नाही, मीही नाही. कॉलेजच्या मुलाच्या खिशात पाकिटाचे पैसे नसतात, एका सिगारेटीचे असतात, आणि सुरुवात तिथूनच होते, हे गल्ल्यावर बसणाऱ्याला ठाऊक असते. ‘मी नाही दिली तर शेजारचा देईल’ असे मी तेव्हा म्हणत असे, आणि ते आजही खोटे ठरलेले नाही.

ट्रॉलरवर जाणारा विशीतला एक मुलगा रोज पहाटे माझ्याकडे थांबत असे. तो अचानक मागच्या पाणंदीने जाऊ लागला, तेव्हा उधारी चुकवतो आहे असे समजून मी त्याला चारचौघांत अडवले. त्याने मुकाट्याने पैसे मोजून दिले आणि म्हणाला, “काकानू, तुमच्या दुकानासमोरसून गेलंय काय तलफ येता.” सिगारेट सोडून त्याला तिसरा दिवस होता. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात, एकेक तलफ काही मिनिटांत ओसरते, पण ओळखीची जागा किंवा वास तिला पुन्हा उठवतो, हे मला नंतर समजले. माझ्या खांबाला सिगारेट पेटवण्यासाठी काथ्याची दोरी दिवसभर धुमसत असे. तिचा वास पाणंदीपर्यंत जात असणार.

दोरी मी त्याच दिवशी काढली. पाकिटे आधी गल्ल्याखाली ठेवली, पण गिऱ्हाईक मागतच राहिले, तेव्हा उरलेला माल परत केला. हे पुण्य म्हणून सांगत नाही. सिगारेटीसोबत खपणारा चहा-सोडाही निम्म्यावर आला आणि घरी त्यावरून बोलणी खाल्ली. सोडू पाहणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक फळीवर लिहिला आहे, आणि निकोटीनचे च्युइंगम औषधांच्या दुकानात मिळते, हेही सांगतो.

तो मुलगा दोन महिन्यांनी पुन्हा ओढू लागला, शेजारून घेऊन. मग उपयोग काय झाला, असे विचाराल, तर मला सांगता येत नाही. शेजाऱ्याचा धंदा वाढला, एवढे मात्र दिसते.