फक्कीची रेघ

रस्त्याच्या कामात मला सगळ्यात आवडतो तो लाइनआउटचा दिवस. महिनोन्महिने स्क्रीनवर पाहिलेला रस्ता पहाटे फक्कीने जमिनीवर उतरतो आणि त्यावरून खरंच चालता येतं. इतकी वर्षं प्रॅक्टिस झाली, तरी त्या सकाळी मी चहासुद्धा घेत नाही.

काम एका नगरपरिषदेचं होतं, गावातला बाजाररस्ता. हद्दीपासून हद्दीपर्यंत १८ मीटर. मधे ७ मीटर गाडीरस्ता, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर पार्किंग आणि तीन-तीन मीटर फुटपाथ, अशी वाटणी मी केली होती. रस्त्यांचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा मागते. आम्ही ३ देत होतो, म्हणून मी स्वतःवर खूश. कर्ब, म्हणजे फुटपाथच्या कडेची उंची, १५० मिलिमीटरच्या आत, रॅम्पचा उतार १:१२ चा, चेंबरची झाकणं फुटपाथच्या लेव्हलला. (ती खरोखर लेव्हलला बसवून घेणं ही वेगळीच लढाई, ती इथे नको.) अकरा वाजता मुख्याधिकाऱ्यांपुढे सादरीकरण, त्याआधी त्यांना जागेवर रेघा दाखवायच्या, असा बेत होता.

साडेपाचला सुरुवात केली. दोघांनी टेप धरली, एकाने दोरी, एकाने फक्कीचं घमेलं. साडेसहापर्यंत शंभरेक मीटर झाले आणि भाजीच्या हातगाड्या यायला लागल्या. पहिल्या गाडीवाल्याने रेघ पाहिली, थांबला, मागे वळून काहीतरी ओरडला. फुलवाल्या मावशींनी नुकतंच अंथरलेलं पोतं गुंडाळलं. दहा मिनिटांत रस्ता रिकामा. आम्ही कुणालाही ऊठ म्हटलं नव्हतं. पांढरी रेघ, टेप, गळ्यात ओळखपत्रं: त्यांच्या लेखी अतिक्रमणवाले आले होते.

आता खरं सांगते. त्या रिकाम्या रस्त्याकडे बघून माझ्या मनात पहिल्यांदा आलं, काय सुंदर दिसतोय! कोवळं ऊन, सरळसोट रेघ, चार-दोन माणसं निवांत चाललेली. हुबेहूब आमचं रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेलं रस्त्याचं चित्र. मी फोटोही काढला.

शेजारी ऑफिसातली सगळ्यात नवी मुलगी उभी होती, रुजू होऊन जेमतेम आठ महिने झालेली. ती हळूच म्हणाली, "मॅडम, आपल्या रेंडरमध्येसुद्धा कुणी काही विकत नाहीये."

मला राग आला. वेळ काय, ही बोलतेय काय! मग आठवलं की हे ती पहिल्यांदा बोलत नव्हती. सर्व्हेला दोन दिवस त्या रस्त्यावर तीच उभी होती. परत आल्यावर तिने प्रिंटवर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हातगाड्या?' आणि मी लाल पेनाने ते खोडून शेजारी लिहिलं होतं, 'हा अंमलबजावणीचा प्रश्न आहे, डिझाइनचा नाही.' ऑफिसात लाल पेन फक्त माझ्याकडे असतं. त्यानंतर कोण कशाला बोलेल?

त्यातून तिने बेलापूर काढलं. नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी नवी मुंबईत बेलापूरला, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी आखलेली आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत दाखवायला नेते. एका अंगणाभोवती सात घरं. घरांच्या भिंती शेजाऱ्याला चिकटलेल्या नाहीत, म्हणून ज्याला त्याला आपलं घर आपल्या ऐपतीने वाढवता यावं. आज तिथली कितीतरी मूळ घरं पाडून लोकांनी नवी बांधलीत. नवी पोरं हळहळतात, तेव्हा मी तावातावाने सांगते, अरे, माणसांना बदलायला जागा ठेवली होती, हेच तर डिझाइन! तेच ती मला ऐकवत होती, फक्त जरा घाबरत. बेलापूरवर एवढं बोलणाऱ्या बाईने या रस्त्यावर हातगाडीला हातभर जागा ठेवली नव्हती.

अकरा वाजता मी सादरीकरण केलं नाही. रेघ पडल्यावर सकाळी काय झालं ते सांगितलं, चूक माझी आहे म्हटलं आणि पुढचं तिला बोलायला लावलं. तिचा आवाज पहिली पाच मिनिटं थरथरत होता. मुख्याधिकारी वैतागले; निधी मार्चअखेर खर्ची पडायला हवा होता आणि त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. माझा भागीदार परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलला नाही. त्याच्या मते मी क्लायंटसमोर ऑफिसची अब्रू घालवली होती. अजूनही त्याचं तेच मत आहे.

पंधरा दिवस मिळाले. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावे लागतात. ही समिती कागदावर होती. तिच्यातल्या विक्रेत्यांना पहिल्यांदाच कुणी ड्रॉइंग दाखवलं. भाजीबाजाराच्या बाजूचं पार्किंग काढलं. त्या अडीच आणि फुटपाथच्या ३ मिळून साडेपाच मीटरमध्ये दुकानांपुढे एक मीटर, चालायला अडीच आणि झाडांच्या अधेमधे गाड्यांना दोन मीटरचा पट्टा बसला. मग दुकानदार उखडले, गिऱ्हाइकाने गाडी कुठे लावायची? बँकेसमोरचं पार्किंग परत द्यावं लागलं. तिथला पट्टा गेला तो गेलाच.

ऑफिसात तेव्हापासून एवढंच बदललं की सर्व्हे करून आलेला माणूस आधी बोलतो आणि मी सगळ्यात शेवटी. मला हे अजून जड जातं.

दुसऱ्यांदा मापं घ्यायला गेलो तेव्हा टेपचं एक टोक मी धरलं होतं. फुलवाल्या मावशी लांबूनच बघत होत्या.

"आता काय मोजताय, ताई?"

"तुमची जागा."

"मोजा," त्या म्हणाल्या, "पण ते पांढरं टाकायच्या आधी सांगा. त्या दिवशी शेवंतीची अख्खी पाटी घरी न्यावी लागली मला."