जोहान्सबर्ग: 'स्टेशनपासून दहा मिनिटं चालत' याला भुलू नका

एजंटने मेलमध्ये लिहिलं होतं, 'रोझबँक स्टेशनपासून दहा मिनिटं चालत.' खोटं नव्हतं. मी घड्याळ लावून चाललो, अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत पायी जाणारा एकही माणूस दिसणार नाही, हे मात्र त्याने लिहिलं नव्हतं.

बदली ठरली होती, म्हणून जूनमध्ये आठ दिवस घर बघायला एकटाच गेलो. पहिला फटका विमानतळावरच बसला. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एकाने बॅगच हातात घेतली आणि सँडटन या उपनगरापर्यंतच्या टॅक्सीचे ९०० रँड काढले. एक रँड म्हणजे तेव्हा साडेचार-पाच रुपये, करा हिशोब. गाउट्रेन या जलद रेल्वेचं (म्हणताना 'हाउट्रेन') स्टेशन विमानतळातच आहे, पंधरा मिनिटांत सँडटन. रात्री उशिराचं विमान घेऊ नका, तेव्हा ट्रेन बंद असते.

आता तो रस्ता. जून म्हणजे तिकडे ऐन हिवाळा, साडेपाचलाच सूर्य मावळतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर जाणाऱ्या भिंती, वर विजेच्या तारा, प्रत्येक फाटकावर 'आर्म्ड रिस्पॉन्स'ची (अलार्म वाजला की हत्यारबंद रक्षक येतील, अशी) पाटी. टपरी नाही, रस्त्याकडे उघडणारी खिडकी नाही, कट्ट्यावर म्हातारे नाहीत. सगळी सुरक्षा भिंतीच्या आत, आणि मी बाहेर. एक पांढरी गाडी हळू होत पुढे गेली. दुसऱ्यांदा तीच गाडी आली तेव्हा माझे पाय लटपटले.

कोपऱ्यावर पहारेकऱ्याची चौकी होती. रंगाच्या रिकाम्या डब्यात त्याने निखारे पेटवले होते. "तुमची गाडी कुठंय?" एवढंच त्याने विचारलं. गाडी नाही म्हटल्यावर क्रेट उलटा करून मला बसवलं आणि ॲपवरची टॅक्सी येईपर्यंत तो स्वतः रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. पांढऱ्या गाडीतले कदाचित पत्ता शोधत असतील. मला ते पडताळून बघायचं नव्हतं.

तेव्हा घर दोनदा बघा, एकदा दुपारी आणि एकदा अंधार पडल्यावर. एजंटला काही विचारू नका, पहारेकऱ्याला विचारा. उपनगराच्या नावावरून काही ठरत नाही. त्याच रस्त्यावर सकाळी अकराला बायका कुत्री फिरवत होत्या. गुन्हेगारीसाठी बदनाम असलेल्या हिलब्रो भागाचं नाव घेऊन घाबरवणारे बहुतेक तिथे पाऊल न टाकलेले असतात; मीही टाकलेलं नाही, टाकणारही नाही.

गाडी घेणार असाल तर काचांना फिल्म लावूनच घ्या. सिग्नलला तिथे 'रोबोट' म्हणतात. रोबोटला थांबल्यावर मोबाईल मांडीवर दिसला तर काच फुटते. पार्किंगमध्ये रिमोट दाबून निघून जाऊ नका, हँडल ओढून बघा. जॅमर लावून लॉक अडवणारे असतात आणि परत येईपर्यंत बॅग गेलेली असते. भाड्याच्या हिशोबात सिक्युरिटीचा महिन्याचा आकडा वेगळा धरा.

बाकी दिवस बरे गेले. फोर्ड्सबर्गला ओरिएंटल प्लाझात मसाले मिळतात. कॉन्स्टिट्यूशन हिलही बघून झालं, गांधीजी आणि मंडेला दोघांनाही तिथल्या तुरुंगात ठेवलं होतं.

शेवटी स्टेशनसमोरचाच फ्लॅट घेतला, दारापासून दोनशे पावलं, मध्ये उशिरापर्यंत उघडी दुकानं. एक खोली कमी, भाडं जास्त. फोनवर हिने पहिलं विचारलं, बाल्कनी आहे का. नाही.