हातात किती, कधी?

मी पुण्यात भाषांतराची कामं करते, मराठी सबटायटल्स जास्त. बिल पाठवलं की काम देणाऱ्यांच्या बहुतेक पोर्टलवर एक पट्टी दिसते: ‘प्रोसेसिंग’. तिच्याकडे बघून घरभाडं भरता येत नाही. मला तारीख हवी आणि हातात पडणारा आकडा हवा.

एका छोट्या स्टुडिओचं पोर्टल मात्र मला आवडतं. खातं जोडताना ते आधी एक रुपया पाठवतं आणि बँकेकडून आलेलं खातेदाराचं नाव दाखवतं. माझं बँकेतलं नाव लग्नाआधीचं, पॅनवरचं नंतरचं. घोळ तिथेच कळला, पैसे अडकल्यावर नव्हे. मग सरळ हिशेब: बिल ६०,०००, टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) १० टक्के म्हणजे ६,०००, खात्यात ५४,०००. खाली यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळखक्रमांक; बँकेत विचारायला गेलं तर दाखवायला काहीतरी असतं. कापलेले सहा हजार २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या माझ्या कराच्या नोंदीत, दिसले नाहीत तर कुणाला फोन करायचा, तेही लिहिलंय.

इतरांकडून मी ‘बँक हॉलिडे आहे मॅडम’ ऐकते. अहो, एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसरीत पैसे पाठवायची सोय, डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. अडतं ते तुमच्या अप्रूव्हलवर. मग तसं लिहा ना! ‘अकाउंट्सच्या मंजुरीसाठी थांबलंय, शुक्रवारपर्यंत होईल’ एवढं वाचलं तरी मी चार मेल कमी पाठवीन. ‘तुमचे पैसे सुरक्षित आहेत’ असं मोठ्या अक्षरांत लिहिणाऱ्यांचा तर मला उगाचच संशय येतो.