फॉर्म तीनदा कोरा परत आला

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी मावशींशी भांडायलाच निघाले होते. ठाण्यात आमचं छोटंसं सेंटर आहे, मतिमंदत्व, ऑटिझम, सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या घरच्यांना कागदपत्रांत मदत करायची हे माझं काम. मुलं म्हणते मी, पण त्यातली निम्मी तिशी-चाळिशीची आहेत. या मावशी कळव्याच्या, खारेगावात राहतात, वय अडुसष्ट, मिस्टर गेले, फॅमिली पेन्शनवर घर चालतं. मुलगा पस्तिशीचा, त्याला इथे दादू म्हणूया, यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी कार्डावर ७५ टक्के अपंगत्व.

पालकत्वाचा फॉर्म मी त्यांना तीनदा दिला होता. बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगते, मूल १८ चं झालं की आईबापसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ चा नॅशनल ट्रस्टचा कायदा आहे, त्यात कलेक्टर अध्यक्ष असलेल्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा आणि समिती पालक नेमून देते. उद्या दादूची पेन्शन, बँकेचं खातं सगळं यावर अडणार हे मी घसा कोरडा करून सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा फॉर्म कोराच्या कोरा परत. "राहून गेलं हो मॅडम." तिसऱ्या वेळी मनात म्हटलं, यांना पडलेलीच नाहीये.

मे महिना, दुपारचे साडेबारा, शेअर रिक्षात चौथी सीट. डोकं तापलेलंच होतं. दार उघडं. दादू जमिनीवर ताट घेऊन रेशनचे तांदूळ निवडत बसलेला, एकेक खडा काढून उंबऱ्यावर रांगेत लावत होता, इतका तल्लीन की मी उंबरा रांग न मोडता ओलांडला. मावशी ओट्याशी. चहा टाकताना त्यांनी डबा हातात घेतला, वरून बोट फिरवलं, ठेवला, दुसरा घेतला. साखरेच्या डब्याला एक रबरबँड, मिठाच्या डब्याला दोन. तरी माझी ट्यूब पेटली नाही बघा. मी आपली फॉर्म काढून समोर धरला, तर म्हणाल्या, "चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे." चष्मा त्यांच्या गळ्यात लोंबत होता.

"आईला दिसत नाय," दादू ताटातून मान वर न काढता म्हणाला.

मावशी त्याच्यावर केवढ्यांदा ओरडल्या! मग मटकन खाली बसल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच ऑपरेशन सांगितलेलं. आणि मला का नाही सांगितलं, तर कलेक्टर साहेबांच्या समितीला कळलं की आई आंधळी आहे तर मला पालक करतील का, ही भीती. मला एकदम कसंतरीच झालं. आमच्याकडच्या माहितीपत्रकात मुलाच्या फिट्स, औषधं, खाण्याच्या सवयी सगळे रकाने आहेत, आईच्या तब्येतीचा रकानाच नाही. दादूचा निरामय हा नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा आम्ही काढून दिलेला, एक लाखाचा. मावशींना विचारलंय कुणी?

"ऑपरेशन करीन पण याला कुठे ठेवू?" डोंबिवलीच्या दिरांकडे एकदा ठेवला होता, यानं रात्रभर लाईट चालू-बंद केला, पुन्हा त्यांनी बोलावलं नाही. तिथूनच मी फोन लावायला सुरुवात केली. अशा मुलांना थोडे दिवस सांभाळायची समर्थ नावाची योजना नॅशनल ट्रस्टची आहेच, पण एका ठिकाणी वेटिंग, दुसऱ्या ठिकाणी फक्त लहान मुलं, तिसरे म्हणाले रात्री ठेवत नाही. शेवटी मी विचारलं की मावशी, किती दिवस ठेवायचंय? तर म्हणे आठ! सासूबाईंचं झालं तेव्हा डोळ्याला पट्टी बांधून आठ दिवस हलू दिलं नव्हतं, तेच धरून बसलेल्या. आता सकाळी जाऊन बहुतेक वेळा संध्याकाळी घरी येतात, सरकारीत फुकट होतं. तीन वर्षं एवढ्यावर अडलेलं.

जूनमध्ये पहिला डोळा झाला. विटाव्याच्या एक आई आहेत आमच्या पालक ग्रुपमधल्या, त्या दादूजवळ थांबल्या, येताना ताट आणि किलोभर तांदूळ घेऊन आल्या. वेटिंग हॉलमध्ये लोक बघत होते, बघू देत. ड्रॉप्सचं काम दादूचं. लाल झाकण, पाच मिनिटं थांब, मग पांढरं झाकण. कॅलेंडरच्या पाठीमागे मी चार घड्याळं काढून दिली होती. मावशींची तक्रार एवढीच की पोळी तव्यावर असली तरी सोडत नाही, दंडाला धरून बसवतो.

दुसरा डोळा ऑगस्टमध्ये. त्यानंतर महिनाभराने दोघं सेंटरला आले आणि मावशींनी फॉर्म टेबलावर सरकवला. मला वाटलं चौथ्यांदा कोरा. तर पूर्ण भरलेला, फक्त वरचा भाग मी त्या दुपारी घाईघाईत भरून दिला होता त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "मॅडम, दादूचं जन्मसाल १९८९ चं तुम्ही १९९८ केलंय."

मी व्हाइटनर शोधायला ड्रॉवर उघडला.

"सरकारी कागदावर ते चालत नाही. नवीन द्या."