सागाचा खांब

"भाऊ, खांब घेता का? अस्सल सागवान हाय, घनफुटाच्या भावानं देतो."

आज खामगावात बाजारातल्या एका जुन्या पेढीसमोर थांबलो होतो, तिथला पाडकामवाला हे बोलला अन् मला काही सुचलंच नाही.

वरचा मजला उतरवून झाला होता. खाली मधल्या खांबाजवळ तराजू टांगायचा लोखंडी आकडा तसाच लटकत होता, आणि कमरेच्या उंचीवर खांबाचं लाकूड पार गुळगुळीत झालेलं, पोती घासून घासून. मी हात फिरवला त्यावर, बराच वेळ. माझा आजा बैलबंडीत कापूस भरून रात्रभर चालत याच बाजारात यायचा.

१८७० मध्ये जलंबवरून खामगावला रेल्वे आली ती मुख्य म्हणजे कापसासाठी, आपल्या वऱ्हाडच्या गाठी इथून मुंबईला आणि तिथून जहाजानं थेट विलायतेला जायच्या, आणि त्याचा सौदा व्हायचा तो असल्याच ओट्यांवर, गादीवर बसून. देऊळ असतं तर गावानं वर्गणी काढली असती. दुकान म्हटलं की फक्त जागेचा भाव दिसतो.

खांब नाही घेतला. घरी आणला तर ते नुसतं लाकूडच.

तुमच्या गावात अशी पेढी उभी आहे का अजून? असेल तर आत जाऊन फोटो तरी काढून ठेवा ना.