प्रोस्टेटची डबी: आधी मागचं लेबल वाचा

पन्नाशी उलटली की फार्मसीतून प्रेशरच्या गोळ्यांबरोबर 'प्रोस्टेटसाठी' (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) म्हणून एखादी डबी घरी येते. नाहीतर बोटीवर असलेला मुलगा सुट्टीवर येताना मोठी बाटलीच आणतो. ती उलटी करून बारीक अक्षरांत दोन नावं शोधा: व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम.

ही जोडी कॅन्सर टाळते असं एकेकाळी डॉक्टरांनाही वाटायचं, आणि ते उगाच नव्हतं. फिनलंडमध्ये 29 हजार विडी-सिगारेटवाल्यांपैकी निम्म्यांना रोज 50 मिलिग्रॅम ई दिलं, त्यांच्यात प्रोस्टेटचा कॅन्सर जवळजवळ एक तृतीयांशाने कमी दिसला. पण तो अभ्यास मुळात फुप्फुसाच्या कॅन्सरचा. खास प्रोस्टेटसाठीची 'सेलेक्ट' चाचणी अमेरिका-कॅनडात 2001 मध्ये सुरू झाली, 35 हजारांवर पुरुषांत. रोज 400 युनिट ई, 200 मायक्रोग्रॅम सेलेनियम, दोन्ही, किंवा औषध नसलेली गोळी. फायदा दिसेना, म्हणून 2008 मध्ये गोळ्या थांबवल्या. 2011 मध्ये कळलं की नुसतं ई घेणाऱ्यांत कॅन्सर 17 टक्के जास्त. सात वर्षांत हजारी 65 च्या जागी 76.

आपल्याकडे केसांसाठी, त्वचेसाठी सर्रास घेतात ती 400 ची हिरवी कॅप्सूल म्हणजे जवळपास हाच डोस. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीती वेगळीच.

सेलेनियमचं आणखी विचित्र. ज्यांच्या शरीरात ते आधीच भरपूर होतं, त्यांना वरून गोळी दिल्यावर आक्रमक कॅन्सरचा धोका जवळजवळ दुप्पट झाला. बांगडे, तारले, सुंगटं यांत सेलेनियम चांगलंच असतं. रोज हुमण-भात जेवणाऱ्याने ते विकत घ्यायचं कशाला? केस गळणं, नखं तुटणं, तोंडाला लसणीसारखा वास ही ते जास्त झाल्याची लक्षणं.

झिंक एकाच डबीत नसतं, मल्टिव्हिटॅमिनमध्येही असतं, बेरीज करा. दिवसाला 40 मिलिग्रॅमच्या पुढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सॉ पाल्मेटो या वनस्पतीच्या अर्काने लघवीचा त्रास कमी होत नाही, तिप्पट डोस देऊनही झाला नाही. टोमॅटो खुशाल खा, त्यातल्या लाल रंगाच्या म्हणजे लायकोपीनच्या गोळीवर पैसे घालवू नका.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, करायची असेल तर डबी डॉक्टरांना दाखवा. केसांच्या गोळ्यांतलं बायोटिन काही यंत्रांवर आकडा चुकवतं; ते किती दिवस आधी बंद करायचं ते लॅबला विचारा. टक्कल पडू नये म्हणून घेतलेलं फिनास्टराइड सहा महिने-वर्षभरात पीएसए निम्म्यावर आणतं, म्हणजे रिपोर्टातला 2.5 हा खरा 5 धरायचा. हे न सांगितल्यास 'नॉर्मल' वाचून घरी पाठवतील. तपासणीआधी दोन दिवस संबंध आणि लांबची सायकल टाळा. लघवीचं इन्फेक्शन झालं असेल तर सहा आठवडे थांबा. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर पन्नाशीची वाट न बघता पंचेचाळिशीलाच डॉक्टरांशी बोला.